सिद्धतेवरून भांडण, साध्य मात्र कोरंच

यंत्रं कोड लिहू लागल्यापासून एक जुना वाद पुन्हा तापला आहे. एका बाजूचं म्हणणं असं की एआय कोड लिहील, त्याची गणिती सिद्धताही एआयच लिहील, प्रूफ असिस्टंट (सिद्धतेची पायरी न् पायरी तपासणारं सॉफ्टवेअर) ती तपासेल आणि सॉफ्टवेअरमधल्या चुकांचा प्रश्न कायमचा मिटेल. दुसरी बाजू यावर हसते. पन्नास वर्षं हेच ऐकतोय, म्हणते. सिद्धता करणारे विद्यापीठात बसतात आणि रात्री दोन वाजता बंद पडलेला सर्व्हर उठवायला आम्हालाच उठावं लागतं. दोघांचंही ऐकताना मराठी माध्यमाच्या भूमितीची वही डोळ्यांपुढे येते. प्रमेय लिहिताना आधी ‘पक्ष’, मग ‘साध्य’ आणि त्यानंतर ‘सिद्धता’. आताचा सगळा वाद तिसऱ्या रकान्यावर चालला आहे. पहिले दोन कोणी भरले, कुठल्या भाषेत भरले, मुळात भरले तरी आहेत का, हे विचारायला कोणाला सवड नाही.

मला वाटतं, प्रूफ असिस्टंटची खरी किंमत याच पहिल्या दोन रकान्यांत आहे. एखादा प्रोग्रॅम बरोबर आहे असं सिद्ध करायचं, तर तो ज्या भाषेत लिहिलाय तिच्या प्रत्येक रचनेचा अर्थ आधी ठरलेला हवा. भाषेचं हे सिमँटिक्स म्हणजे आपला पक्ष, आणि प्रोग्रॅमने नेमकं काय करावं (स्पेसिफिकेशन) हे साध्य. पक्षच जर शेकडो पानांच्या इंग्रजी गद्यात, वाचणाऱ्याच्या समजुतीवर सोडून दिलेला असेल, तर त्यावर रचलेली सिद्धता एआयने लिहिली काय आणि गणितज्ञ ऑयलरने लिहिली काय, अधांतरीच लोंबकळणार. म्हणून ज्या भाषेवर बँका, विमानं, ब्राउझर आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) उभे आहेत, तिच्या निदान गाभ्याचा अर्थ प्रूफ असिस्टंटला कळेल अशा रूपात लिहून जाहीर करणं ही ती भाषा चालवणाऱ्यांची जबाबदारी मानली पाहिजे. जगातले सगळे प्रोग्रॅम सिद्ध करा असा माझा आग्रह नाही. तसा आग्रह धरणाऱ्यांनीच या विषयाचं सगळ्यात जास्त नुकसान केलंय.

अर्थ ठरलेला नसला की काय होतं? 2009 साली लिनक्स कर्नलमधल्या आभासी नेटवर्कच्या एका ड्रायव्हरमध्ये असं घडलं. एका पॉइंटरमधून (मेमरीतल्या जागेच्या पत्त्यावरून) आधी व्हॅल्यू वाचली होती आणि तो पॉइंटर नल, म्हणजे रिकामा, आहे का, हे त्यानंतर तपासलं होतं. क्रम उलटा पडला, एवढीच प्रोग्रॅमरची चूक. जीसीसी या कंपायलरने (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) मात्र पुढचा हिशेब केला: नल पॉइंटरमधून वाचणं हे सी या भाषेच्या स्टँडर्डप्रमाणे (अधिकृत नियमग्रंथाप्रमाणे) ‘अनडिफाइन्ड बिहेवियर’, म्हणजे तिथे काहीही घडलं तरी चालेल, इथे वाचलंय, त्याअर्थी पॉइंटर नल नाही असं धरायला हरकत नाही, मग पुढची तपासणी फुकट आहे. ती त्याने काढून टाकली. मेमरीच्या शून्य पत्त्यावर स्वतःचं पान बसवू शकणाऱ्या हल्लेखोराला त्यामुळे थेट कर्नलमध्ये शिरायची वाट मिळाली. चूक कोणाची? कंपायलरवाल्यांनी स्टँडर्डकडे बोट दाखवलं, कर्नलवाल्यांनी अकलेकडे. पुढे कर्नल ही क्लृप्ती बंद करणारा पर्याय देऊनच कंपाइल होऊ लागलं. थोडक्यात, लिनक्स ज्या भाषेत लिहिलंय ती स्टँडर्डमधली सी नाही. तिच्यासारखी दिसणारी, कुठेही पुरती लिहून न ठेवलेली अशी ती एक वेगळी बोली आहे, आणि जगातले बहुतेक सर्व्हर त्या बोलीवर चालतात.

हा एखाददुसरा अपवाद असता तर सोडून दिलं असतं. केंब्रिजमधल्या पीटर सेवेल यांच्या गटाने 2015 साली सी कोळून प्यायलेल्या लोकांना 15 प्रश्न विचारले. कंपायलर लिहिणारे, कर्नल लिहिणारे, स्टँडर्डच्या समितीच्या वर्तुळातले अशा तीनशेहून अधिक लोकांनी उत्तरं दिली. सुरुवातीची व्हॅल्यू न दिलेला व्हेरिएबल वाचला तर काय मिळतं, यासारख्या प्राथमिक वाटणाऱ्या प्रश्नावरही जाणकारांमध्ये एकमत निघालं नाही. चार दशकं जुनी भाषा, तिच्यात लिहिलेल्या कोट्यवधी ओळी, आणि तिच्या अर्थाबद्दल तिच्याच पुजाऱ्यांत दुमत!

यावर एक सरळ सल्ला मिळतो: मग स्टँडर्ड नीट लिहा की. चांगलं, काटेकोर इंग्रजी लिहायला प्रूफ असिस्टंट कशाला हवा? सल्ला चुकीचा नाही, पण गद्यात काटेकोर नियम लिहिण्याची परमावधी कुठे होते हे आपल्याकडच्या वाचकाला तरी सांगायला नको. पाणिनीची सुमारे 4,000 सूत्रं. (व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘संगणकासाठी संस्कृत सर्वोत्तम’ हा निरोप इथे बाजूला ठेवू, त्यात पाणिनीचा गौरव कमी आणि आपला जास्त असतो.) दोन सूत्रं एकाच जागी लागू होत असतील तर कोणतं घ्यायचं, यासाठी पाणिनीने सूत्रच दिलंय: ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’. परंपरेने त्याचा अर्थ लावला की अष्टाध्यायीत नंतर येणारं सूत्र जिंकतं. पण तसं धरलं की अनेक ठिकाणी चुकीची रूपं तयार होतात. मग कात्यायनाची वार्तिकं आली, पतंजलीचं महाभाष्य आलं, नित्य, अंतरंग, अपवाद अशी बळाची उतरंड आली. अठराव्या शतकापर्यंत या परिभाषांचा, म्हणजे सूत्रं कशी लावायची याच्या नियमांचा, पसारा एवढा झाला होता की काशीला राहणाऱ्या मराठी घराण्यातल्या नागेशभट्ट काळ्यांना त्यांच्यासाठी ‘परिभाषेन्दुशेखर’ लिहावा लागला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक असलेल्या कीलहॉर्न यांनी पुढे त्याचं संपादन आणि इंग्रजी भाषांतर केलं. 2022 साली केंब्रिजमधल्या ऋषी राजपोपट यांच्या प्रबंधाने त्याच सूत्राचा अर्थ पुन्हा वेगळा लावला, आणि त्यावरही वैयाकरणांत वाद आहेत. मानवी भाषेचं वर्णन आणि प्रोग्रॅमिंग भाषेचा कायदा यांत फरक आहे, हे कबूल. पण अर्धी मात्रा वाचली तर पुत्रजन्माचा आनंद मानणाऱ्या परंपरेलाही जर नियमांमधली टक्कर गद्यातून निर्विवाद सोडवता आली नाही, तर समितीतल्या मतदानाने लिहिलेल्या इंग्रजीकडून ती अपेक्षा कशी करायची? पाणिनीचे नियम संगणकावर चालवू पाहणाऱ्या प्रत्येकाला या सूत्राचा एकच एक अर्थ निवडावा लागतो आणि निवडल्याचं मान्य करावं लागतं. यंत्र एवढंच करतं, गुळमुळीत राहू देत नाही.

प्रूफ असिस्टंटची मूळ कल्पनाही हीच आहे. डच गणिती निकोलास दे ब्राउन यांनी 1967 च्या सुमारास ‘ऑटोमॅथ’ सुरू केलं, गणिताचं पुस्तक यंत्राला ओळ न् ओळ तपासता यावं म्हणून. 1970 च्या दशकात एडिनबर्गमध्ये रॉबिन मिल्नर यांनी एलसीएफ हे सिद्धता तपासणारं साधन रचलं. त्यात ‘प्रमेय’ हा एक बंदिस्त टाइप (व्हॅल्यूंचा प्रकार) होता. त्या टाइपची वस्तू फक्त मोजक्या तर्कनियमांच्या गाभ्यातूनच तयार होऊ शके, बाहेरचा कोड कितीही हुशार किंवा कितीही चुकीचा असो. आजचे इसाबेल, एचओएल, फ्रान्समधलं कॉक (2025 पासून त्याचं नाव रॉक) आणि लीन हे सगळे प्रूफ असिस्टंट या ना त्या अर्थाने याच वळणाचे: सिद्धता कुठूनही आणा, गाभा लहान आणि खडूस ठेवा. गंमत अशी की मिल्नरना या कामासाठी एक भाषा लागली, ती म्हणजे एमएल. पुढे 1990 साली स्टँडर्ड एमएलची व्याख्या चक्क गणिती नियमांत प्रसिद्ध झाली. वापरातल्या भाषेच्या बाबतीत ही दुर्मीळ गोष्ट होती. तरी 1993 साली स्टेफान कार्स यांनी त्या व्याख्येतल्या चुकांची आणि संदिग्ध जागांची यादी काढली. सूत्रात लिहिलं म्हणून काम भागत नाही. ते तपासणारं कोणीतरी लागतं, आणि ते कोणीतरी कंटाळणारं नसावं.

आता विरोधकांचा सगळ्यात जड मुद्दा. तो आजचा नाही, 1979 चा आहे. रिचर्ड डिमिलो, रिचर्ड लिप्टन आणि पहिल्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी ॲलन पर्लिस यांनी तेव्हा लिहिलं की गणितातल्या प्रमेयावर आपला विश्वास बसतो तो सामाजिक प्रक्रियेने. लोक सिद्धता वाचतात, फळ्यावर एकमेकांना समजावतात, दुसऱ्या प्रमेयात वापरतात, खोट काढतात. या चाळणीतून जे उरतं ते टिकतं. प्रोग्रॅमच्या सिद्धता लांबलचक आणि रटाळ. त्या कोणी आवडीने वाचणार नाही, चहा पिताना मित्राला सांगणार नाही. मग त्या खऱ्या कशावरून? हा मुद्दा प्रामाणिक आहे आणि त्यातलं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. अशा सिद्धता खरोखरच कोणी वाचत नाही.

पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. भाषेची टाइप सिस्टीम सुरक्षित आहे, म्हणजे कंपायलरने पास केलेला प्रोग्रॅम चालताना अमुक प्रकारे बिघडणार नाही, हे प्रमेय घ्या. त्याची सिद्धता म्हणजे भाषेतल्या प्रत्येक रचनेमागे एक प्रकरण, त्यातली बरीचशी एकसारखी. शोधनिबंधात तीन प्रकरणं लिहितात आणि ‘उरलेली अशीच’ म्हणून पुढे जातात. चूक नेमकी ‘उरलेल्या’त दडलेली असते. मोजक्या पानांच्या, सुंदर, सगळ्यांनी वाचलेल्या सिद्धतेचं तरी काय होतं? चार रंगांच्या प्रमेयाची (कुठलाही नकाशा चार रंगांत रंगवता येतो) केम्प यांनी 1879 साली दिलेली सिद्धता 11 वर्षं ग्राह्य धरली गेली; 1890 साली हीवुड यांनी तिच्यातलं भोक दाखवलं. जिथे वाचक होते तिथे ही स्थिती. जिथे वाचक असणारच नाहीत असं तुम्हीच म्हणताय, तिथे वाचायचं काम यंत्राला दिलं तर बिघडलं कुठे? व्याख्या आणि साध्य मात्र दहा-वीस पानांत बसतात. त्यांवर चहा पिताना खुशाल भांडता येतं, आणि भांडलंच पाहिजे.

जावाचं उदाहरण इथे सविस्तर सांगण्यासारखं आहे. अनेक थ्रेड (प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे प्रवाह) एकाच मेमरीत लिहीत-वाचत असताना कोणाला कोणती व्हॅल्यू दिसू शकते, याबद्दलचे जावाचे मूळ नियम सदोष निघाले, म्हणून 2004 साली जावा 5 बरोबर नवे नियम आले. ते रचणाऱ्यांत जेरेमी मॅन्सन, विल्यम प्यू आणि सरिता अडवे होते. अडवे मूळच्या आयआयटी मुंबईच्या विद्यार्थिनी. ‘तुमच्या प्रोग्रॅममध्ये डेटा रेस (थ्रेडनी एकाच जागी बेबंद लिहिणं-वाचणं) नसेल तर सगळं क्रमाने, एकेक पावलाने चाललंय असं धरून चाला’ ही हमी ज्यांच्या संशोधनातून रुजली त्यांत त्यांचं नाव अग्रभागी. म्हणजे माणसं पहिल्या फळीची होती. 2005 च्या त्यांच्या शोधनिबंधात एक प्रमेय होतं: एकमेकींशी संबंध नसलेल्या सूचनांची कंपायलरने अदलाबदल केली तर ती या नियमांत वैध ठरते. सोबत कागदावरची सिद्धता होती. 2007 साली चेंचारेल्ली, क्नाप आणि सिबिलियो यांनी प्रतिउदाहरण दिलं. त्याच सुमारास एडिनबर्गमध्ये डेव्हिड ॲस्पिनॉल आणि यारोस्लाव शेव्चिक हे नियम इसाबेलमध्ये उतरवत होते. डेटा रेसबद्दलची मुख्य हमी, व्याख्यांमध्ये थोडी दुरुस्ती करून, तिथे सिद्ध झाली. पण 2008 साली त्यांनीच दाखवलं की सगळीकडे वापरात असलेली हॉटस्पॉट जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) करते ती काही ऑप्टिमायझेशन्स (कोड वेगवान करणारे बदल) जावाच्या अधिकृत नियमांत बसतच नाहीत.

‘बरं, मग कोणाचं काय बिघडलं?’ असं कोणी विचारेल. जावा चालूच राहिली, पगार होत राहिले. खरं आहे. बिघडलं ते असं की भाषेचा कायदा एक सांगत होता, अंमलबजावणी दुसरं करत होती आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं. उद्या नवा प्रोसेसर आला, नवा कंपायलर लिहायला घेतला, तर लिहिणाऱ्याने कोणाचं ऐकायचं? याच्या उलट सी++ मध्ये घडलं. मार्क बॅटी, स्कॉट ओवेन्स, सुस्मित सरकार, पीटर सेवेल आणि त्यार्क वेबर यांनी 2011 च्या स्टँडर्डचा मेमरी मॉडेलचा (थ्रेडना कोणती व्हॅल्यू दिसेल याच्या नियमांचा) मसुदा गणितात उतरवला, त्यातले दोष समितीला कळवले आणि त्यातले काही स्टँडर्ड छापण्याआधी दुरुस्त झाले. सगळे सुटले नाहीत. हवेतून व्हॅल्यू उगवल्यासारखी वागणूक कशी रोखायची हा प्रश्न तिथे पुढेही लोंबकळत राहिला. पण तो आहे, कुठे आहे आणि किती कठीण आहे, हे लोकांना नेमकं माहीत आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे आणि मला तो पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. तुम्ही सिद्ध करता ते तुमच्या नमुन्याबद्दल. खरं यंत्र नमुन्याबाहेर राहतं. 2017 साली फोन्सेका आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या तीन वितरित (अनेक संगणकांवर मिळून चालणाऱ्या) प्रणाली तपासल्या आणि त्यांत 16 बग काढून दाखवले. प्रूफ असिस्टंटवर हसणाऱ्यांचं हे आवडतं हत्यार. पण तो निकाल पुरता वाचावा. सिद्ध केलेल्या प्रोटोकॉलमध्ये एकही बग निघाला नाही. जे निघाले ते बाहेरच्या जगाबद्दलच्या गृहीतकांत, स्पेसिफिकेशनमध्ये आणि पडताळणीच्या साधनांत. दोन रकाने कच्चे होते, तिसरा पक्का. माझा मुद्दा याहून चांगला मला मांडता आला नसता.

कंपायलरच्या बाबतीतही हेच दिसतं. फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेत झाव्हिए लरुआ यांनी कॉकमध्ये रचलेला कॉम्पसर्ट हा सीचा कंपायलर: मूळ प्रोग्रॅमचा सीच्या व्याख्येनुसार जो अर्थ, तोच असेंब्लीतही (यंत्राजवळच्या भाषेतही) टिकतो, याची सिद्धता त्याच्यासोबत येते. युटा विद्यापीठातल्या जॉन रेगर यांच्या गटाने सीस्मिथ हे यादृच्छिक सी प्रोग्रॅम तयार करणारं साधन केलं, आणि तीन वर्षांत वेगवेगळ्या कंपायलरांमधले आधी माहीत नसलेले 325 हून अधिक बग कळवले. जीसीसी, एलएलव्हीएम, कोणी सुटलं नाही. कॉम्पसर्टवर त्यांनी सुमारे सहा सीपीयू-वर्षं खर्च केली. त्यातही बग निघाले, पण सिद्धतेच्या कक्षेबाहेरच्या भागात. ऑप्टिमायझेशन करणाऱ्या मधल्या भागात चुकीचा कोड तयार करणारी एकही चूक त्यांना सापडली नाही. 2011 चा हा निकाल सिद्धतावाद्यांनी केलेला नाही, टेस्टिंगवाल्यांनी केला आहे. सिद्धता चुका शून्यावर आणते असं यातून म्हणता येत नाही. चुका कुठे उरल्या आहेत हे मात्र ती सांगते, आणि कुठे शोधायचं हे कळलं की टेस्टिंगची ताकद दुप्पट होते.

प्रूफ असिस्टंटमध्येच बग असेल तर? असतात. कॉकच्या झटपट गणना करणाऱ्या भागात, 255 हून अधिक कन्स्ट्रक्टर (व्हॅल्यू घडवायच्या रीती) असलेल्या टाइपच्या बाबतीत, एकदा चक्क असत्य सिद्ध करता येत होतं. ते सापडलं, दुरुस्त झालं. यावर फार वेळ घालवावा असं मला वाटत नाही. बेसावध राहून अशा फटीत पडायला फार मोठं दुर्दैव लागतं, आणि कागदावरच्या सिद्धतेला तर फट शोधायला गाभाच नसतो.

खर्चाचं बोलू, कारण शेवटी गाडी तिथेच अडते. ऑस्ट्रेलियातल्या एसईएलफोर या मायक्रोकर्नलची (अगदी लहान कर्नलची) सिद्धता 2009 साली जाहीर झाली: सीच्या सुमारे 8,700 ओळी आणि त्यांच्यासाठी इसाबेलमध्ये सुमारे 2 लाख ओळी. कुठल्या कंपनीचा मॅनेजर हे प्रमाण पाहून सही करेल? कोणीच नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. पण हे प्रमाण एका प्रोग्रॅमच्या सिद्धतेचं आहे. भाषेचा अर्थ लिहिण्याचं काम एकदा होतं आणि त्या भाषेतल्या प्रत्येक प्रोग्रॅमला, प्रत्येक कंपायलरला, पडताळणीच्या प्रत्येक साधनाला पुरतं. पुण्यात टीसीएसच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात घडलेलं व्हेरिॲब्स हे साधन सी प्रोग्रॅमच्या पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वरच्या क्रमांकावर आलेलं आहे. अशा प्रत्येक साधनाच्या पोटात सीच्या अर्थाची स्वतःची एक समजूत असते, प्रत्येक गटाने पुन्हा पहिल्यापासून लावलेली. हा खर्च आपण आजही करतोच आहोत, फक्त विखुरलेला आणि एकमेकांशी न जुळणारा.

‘लाखो लोक वापरतात, फझिंग (यादृच्छिक इनपुटचा मारा) चालू असतं, बग आपोआप वर येतात’ या युक्तिवादालाही मर्यादा आहे. जावाच्या टाइप सिस्टीममधली ‘वाइल्डकार्ड’ ही सोय 2004 साली आली. 2016 साली नादा अमीन आणि रॉस टेट यांनी दाखवलं की नलचा आडोसा घेऊन जावाची आणि स्कालाची टाइप सिस्टीम फसवता येते; प्रोग्रॅमरने कुठेही कास्ट (टाइप बदलायची सूचना) लिहिलेला नसताना चालताना कास्ट फसतो. बारा वर्षं, अगणित प्रोग्रॅमर. रस्ट या भाषेचं प्रकरण तर आणखी बारीक आहे. म्युटेक्सचं कुलूप हातात असल्याची खूण म्हणून रस्ट ‘म्युटेक्सगार्ड’ देतं. तो दोन थ्रेडमध्ये वाटून घेता येईल की नाही, हे कंपायलर आपोआप ठरवत होता आणि ते चुकीचं ठरत होतं. आतला डेटा वाटण्याजोगा नसला तरी गार्ड वाटता येई, आणि ज्या डेटा रेसपासून रस्ट वाचवायचं वचन देते तीच घडू शके. ही ओळ मानक लायब्ररीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. जर्मनीत झारब्र्युकेनला राल्फ युंग आणि सहकारी रस्टच्या गाभ्याचं सिमँटिक्स कॉकमध्ये मांडून म्युटेक्सची सुरक्षितता सिद्ध करू पाहत होते. सिद्धता अडली, आणि ती का अडली हे शोधताना 2017 साली हा बग हाती लागला. त्यांचा रस्टबेल्ट हा प्रकल्प संपूर्ण रस्टबद्दल नाही, तिच्या लहान केलेल्या नमुन्याबद्दल आहे. दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढणाऱ्या भाषेचा सगळा विस्तार कोणी प्रूफ असिस्टंटमध्ये ओढत नेईल असं मी म्हणत नाही. गाभा नेला तरी एवढं सापडतं.

शिवाय टेस्टिंग आणि सिद्धता यांना सवती मानायचं कारणच नाही. ॲमेझॉनची सीडर ही परवानग्यांचे नियम लिहिण्याची भाषा 2023 साली खुली झाली. प्रत्यक्ष चालणारा कोड रस्टमध्ये आहे आणि तो सिद्ध केलेला नाही. भाषेचा अर्थ लीनमध्ये वेगळा लिहिलाय, महत्त्वाचे गुणधर्म त्याच्याबद्दल सिद्ध केलेत, आणि यादृच्छिक इनपुट दोन्हींना देऊन उत्तरं जुळतात का हे तपासत राहतात. व्याख्या छोटी, वाचता येण्यासारखी, कोड वेगवान, आणि दोघांमध्ये रोजची झडती. नमुना वास्तवाशी जुळतो का, या आक्षेपाला मला माहीत असलेलं हे सगळ्यात स्वस्त उत्तर आहे.

राहता राहिला एआय. 2024 च्या जुलैत डीपमाइंडच्या अल्फाप्रूफ या एआय प्रणालीने, भूमितीसाठीच्या जोडीदार प्रणालीसह, आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या प्रश्नांत रौप्यपदकाइतके गुण मिळवले. भूमिती सोडून बाकी सिद्धता लीनमध्ये होत्या, लीनने तपासल्या. पण ते प्रश्न लीनमध्ये उतरवायचं काम माणसांनी हाताने केलं होतं. पक्ष आणि साध्य लिहिणारा माणूस, सिद्धता लिहिणारं यंत्र. ही विभागणी योगायोगाची नाही, आणि पुढच्या काळात सिद्धता जितक्या स्वस्त होतील तितकं वजन पहिल्या दोन रकान्यांवर येत जाईल. चुकीच्या व्याख्येवरची निर्दोष सिद्धता यंत्र मिनिटांत देईल, हजारोंच्या संख्येने देईल, आणि प्रत्येकीवर हिरवी खूण असेल. त्या दिवशी सीच्या स्टँडर्डमधलं एखादं संदिग्ध वाक्य आजच्यापेक्षा कितीतरी महाग पडेल.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत कंपायलरचा पेपर म्हणजे बहुतांशी व्याकरण आणि पार्सिंगची कोष्टकं, प्रॅक्टिकलला त्यासाठीची लेक्स आणि याक ही साधनं. वाक्य भाषेत बसतं का, हे विद्यार्थी सत्रभर शिकतो. बसलेल्या वाक्याचा अर्थ काय, हे एका प्रकरणात उरकतं. वीस ओळींच्या खेळण्यातल्या भाषेचं सिमँटिक्स लीनमध्ये लिहून तिच्याबद्दल एक छोटं प्रमेय सिद्ध करायला आज लॅपटॉपपलीकडे काही लागत नाही. सगळी साधनं फुकट आहेत. एआयने लिहिलेला कोड तपासायची नोकरी करणाऱ्या पिढीला पार्सिंगच्या कोष्टकापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल, असं मला तरी वाटतं.

आणि हे सगळं परीक्षानळीतलं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी दोन समित्यांकडे पाहावं. वेबअसेम्ब्ली ही ब्राउझर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी मिळून केलेली भाषा. 2017 साली तिची पहिली आवृत्ती आली तेव्हाच तिचा अर्थ गणिती नियमांत लिहिलेला होता. केंब्रिजमधल्या कॉनराड वॉट यांनी तो इसाबेलमध्ये उतरवला, सिद्धता करताना अधिकृत व्याख्येत दोष सापडले, आणि समितीने ते दुरुस्त केले. 2025 साली त्या समितीने आपलं स्पेसिफिकेशन स्पेकटेक नावाच्या साधनात लिहायचं ठरवलं: एकाच मुळातून वाचायचं गद्य, सूत्रं आणि प्रूफ असिस्टंटला देता येणारी व्याख्या तयार होते. सीच्या समितीकडे, दोन पॉइंटरमधले आकडे सारखे असले तरी ते कुठून आले यावरून त्यांना वेगळं मानायचं का, हा प्रश्न 2001 साली आला. 2004 साली समितीने उत्तर दिलं की कंपायलरने तसं मानलं तरी चालेल. ते उत्तर स्टँडर्डच्या मजकुरात मात्र उतरलं नाही, आणि कंपायलर त्याच्या आधारावर ऑप्टिमायझेशन करत राहिले. सेवेल यांच्या गटाने सीचं सिमँटिक्स यंत्रावर चालवता येईल असं मांडून, समितीच्या लोकांसोबत वर्षानुवर्षं बसून, या प्रश्नाचं नेमकं उत्तर लिहून काढायला मदत केली. ते आयएसओचा वेगळा तांत्रिक दस्तऐवज म्हणून 2025 साली प्रसिद्ध झालं.